दहा डिग्रींचा फरक

पुण्याहून बंगळूरला आले तेव्हा मी तेवीस वर्षांची होते. इन्स्ट्रुमेंटेशनची पदवी, चांगले मार्क आणि मारतहळ्ळीला तीन मुलींबरोबर भाड्याचा फ्लॅट. नोकरी मात्र तिथल्या काचेच्या इमारतींमधली नव्हती. ती आनेकलला होती, एका लहानशा कारखान्यात. सकाळी सव्वासहाला कंपनीची व्हॅन यायची आणि बाकीच्या मुली झोपलेल्या असताना मी निघायचे. कुठे काम करतेस असं कुणी विचारलं की कारखाना हा शब्द मी टाळायचे. तेव्हा मला त्याची लाज वाटायची. आता वाटते ती वेगळ्याच गोष्टीची, आणि तीच सांगायला बसले आहे.

कारखान्यात पंपाच्या मोटारींसाठी तांब्याच्या कॉइल बनायच्या. तार गुंडाळून झाली की कॉइल व्हार्निशमध्ये बुडवायची आणि ओव्हनमध्ये भाजायची. ओव्हन म्हणजे एक लहान खोलीच होती, लोखंडी दरवाज्याची. त्यात कॉइलची गाडी ढकलायची, दरवाजा लावायचा आणि मग तापमान हळूहळू वाढवायचं, मिनिटाला दोन डिग्री. नव्वदला पोचलं की अर्धा तास थांबायचं, म्हणजे व्हार्निशमधलं पातळ द्रव्य शांतपणे उडून जातं. मग पुन्हा तसंच हळूहळू दीडशेपर्यंत. नव्वदच्या थांब्याला घाई झाली, तापमान वर गेलं, तर आतलं द्रव्य उकळतं, व्हार्निशला फोड येतात आणि ती कॉइल पुढे कधीतरी पाणी शिरून जळते. ओव्हनवरचा माणूस एक गोल बटण फिरवून उष्णता कमीजास्त करायचा आणि दर पाच मिनिटांनी मीटरवरचा आकडा रजिस्टरमध्ये लिहायचा. ती मीटरं आणि त्यांचे सेन्सर सांभाळणं हे माझं काम.

पहिल्या पाळीला ओव्हनवर जे असायचे त्यांना सगळे अण्णा म्हणायचे. पन्नाशी उलटलेले, बारीक अंगाचे, शर्टाच्या बाह्या कायम कोपरापर्यंत दुमडलेल्या. सोळा वर्षं त्याच ओव्हनवर होते. मी पहिल्या दिवशी फोनवर आईशी बोलत होते, ते त्यांनी ऐकलं आणि फोन ठेवल्यावर जवळ येऊन म्हणाले, "तुम्ही मराठी होय अक्का? आम्हीपण मराठीच."

त्यांचं घराणं कित्येक पिढ्यांपूर्वी इकडे आलेलं. कुठून, ते त्यांना ठाऊक नव्हतं. पुणं त्यांनी पाहिलेलं नव्हतं, पाहायची फारशी इच्छाही नव्हती. घरी मराठी बोलायचे, पण लिहायचे-वाचायचे कन्नड. वयानं मी त्यांच्या मुलीएवढी, तरी मला अक्का म्हणायचे. इतरांसमोर मॅडम, आणि आम्ही दोघंच असलो की अक्का. जेवणाच्या सुट्टीत डबा पुढे करायचे. "चित्रान्न आहे, स्वल्प घ्या. तुमच्या कँटीनचं ऊट काय ऊट आहे?" जेवणाला ऊट म्हणणारी त्यांची मराठी ऐकून मला गंमत वाटायची. संध्याकाळी फ्लॅटवर मी त्यांची नक्कल करून दाखवायचे. मुली हसायच्या. त्यातली एकच मुलगी मराठी होती, तरी सगळ्या हसायच्या.

नोकरीला सहा महिने झाले तेव्हा मी पहिली सुधारणा केली. ओव्हनमधला सेन्सर बारीक होता, उदबत्तीच्या काडीसारखा. गाडी आतबाहेर करताना धक्का लागून तो महिन्यातून एकदा तरी तुटायचा. मी त्याच्या जागी जाड पोलादी नळीतला मजबूत सेन्सर बसवला. मॅनेजरसाहेब खूश झाले. त्याच सुमारास मी मीटरला एक रेकॉर्डरही जोडला, म्हणजे मीटरवर दिसलेला प्रत्येक आकडा आपोआप साठत जाईल.

दोन महिन्यांनी एका मोठ्या ग्राहकाकडून कॉइल परत आल्या. व्हार्निशला फोड होते. खोक्यांवर फक्त तारीख होती, पाळी नव्हती, त्यामुळे पहिल्या पाळीचा माल कुठला आणि दुसऱ्या पाळीचा कुठला हे कळायला मार्ग नव्हता. मॅनेजरसाहेबांनी मला शोध घ्यायला सांगितलं. ग्राहकाला आठवड्याभरात लेखी कारण द्यायचं होतं.

मी दोन्ही पाळ्यांची रजिस्टरं घेतली आणि रेकॉर्डरच्या आकड्यांशी ताडून पाहिली. दुसऱ्या पाळीचा ऑपरेटर नवा होता. त्याचं रजिस्टर आणि रेकॉर्डर तंतोतंत जुळत होते. अण्णांचं जुळत नव्हतं. तापमान चढत असताना त्यांनी सत्तर लिहिलेलं असायचं तेव्हा रेकॉर्डर साठ दाखवायचा. त्यांनी नव्वद लिहिलं की रेकॉर्डरवर ऐंशी. प्रत्येक दिवशी, प्रत्येक चढणीला, दहा डिग्रींचा फरक. थांब्याचा अर्धा तास संपत आला की मात्र दोन्ही आकडे एक व्हायचे.

मला वाटलं, सापडलं. हा माणूस खुर्चीत बसून आकडे आधीच भरून ठेवतो.

खोटं लिहिणाऱ्याचे आकडे इतक्या शिस्तीत चुकत नाहीत, हे मला त्या दिवशी सुचायला हवं होतं. आणखी एक गोष्ट दिसायला हवी होती. दुसऱ्या पाळीच्या जुळणाऱ्या आकड्यांत नव्वद आल्यावर, बटण कमी केल्यावरसुद्धा, तापमान चढत शंभरपर्यंत जात होतं आणि मग सावकाश उतरत होतं. ते मी पाहिलं होतं. पण मी आकडे जुळतात का एवढंच पाहत होते. काय जुळतंय, याकडे माझं लक्षच नव्हतं.

मॅनेजरसाहेबांनी अण्णांना केबिनमध्ये बोलावलं. साहेब कन्नड. माझ्याशी हिंदीत बोलायचे, अण्णांशी कन्नडमध्ये. मी टेबलावर रजिस्टर आणि रेकॉर्डरचा कागद शेजारी शेजारी ठेवला. अण्णांनी दोन्हीकडे पाहिलं आणि ते माझ्याकडे वळून मराठीत म्हणाले, "अक्का, मीटर लबाड नाही. उशिरा सांगतंय. तुम्ही नवीन बसवलंत तेव्हापासून."

"म्हणजे तुम्ही मीटर बघून लिहीत नाही?"

ते बाहेर गेले, आपली डब्याची पिशवी घेऊन आले आणि फडक्यात गुंडाळलेला एक काचेचा थर्मामीटर टेबलावर ठेवला. ओव्हनच्या छताला धूर जाण्यासाठी एक भोक होतं. त्यातून ते तो आत सोडायचे आणि त्यावरचा आकडा लिहायचे. नव्वदचा थांबाही त्याच्यावरच धरायचे. "ही काचपण स्वल्प मागंच असती," ते म्हणाले, "म्हणून मी अठ्ठ्याऐंशीलाच बटण फिरवतो. सोळा वर्षांत माझ्या हातच्या मालाला फोड नाही."

पाऱ्याचे थर्मामीटर कारखान्यात आणायला बंदी होती. एकदा एक फुटून पारा सांडला होता, तेव्हापासून. साहेबांचा चेहरा बदलला. ते कन्नडमध्ये जोरजोरात बोलायला लागले. मला सगळं समजलं नाही, पण कशाबद्दल आहे ते समजलं. आता अण्णा दोन गोष्टींत अडकले होते, आणि दुसरी तर त्यांनी स्वतःच्या हातानं टेबलावर आणून ठेवली होती.

अशा वेळी मी काय केलं असेल? माझा सेन्सर बरोबर आहे हे सिद्ध करायला निघाले. कँटीनमधून उकळत्या पाण्याचं पातेलं मागवलं, ओव्हनमधून सेन्सर काढून आणला आणि पाचसहा जणांसमोर तो पाण्यात बुडवला. मीटरचा आकडा भराभर चढला, मग हळू झाला आणि दोन-तीन मिनिटांत सत्त्याण्णववर येऊन थांबला. "शंभर नाही आला," कुणीतरी म्हणालं. मी त्याचीच वाट पाहत होते. बंगळूर समुद्रसपाटीपासून उंचावर आहे, इथे पाणी सत्त्याण्णवलाच उकळतं, असं मी सगळ्यांना समजावून सांगितलं. साहेबांनी मान हलवली. मला फार बरं वाटलं.

अण्णा पातेल्याकडे पाहत होते. ते हळूच म्हणाले, "पाण्यात घातल्यावर तुम्ही थांबलात की अक्का. तो पोचेपर्यंत सगळे थांबलो आपण. ओव्हन थांबतंय काय त्याच्यासाठी?"

त्या एका वाक्यात सगळं होतं. कॉलेजच्या तिसऱ्या वर्षाला फर्स्ट ऑर्डर सिस्टीम नावाचा धडा होता. एखादी वस्तू बाहेरच्या बदलाला किती सावकाश प्रतिसाद देते, त्याचं ते गणित. अचानक बदल केला, म्हणजे थंड सेन्सर उकळत्या पाण्यात बुडवला, तर तो आधी झपाट्यानं आणि मग मंदपणे चढतो आणि शेवटी खऱ्या आकड्याला पोचतो. त्याला स्टेप म्हणतात. पण बदल थांबतच नसेल, तापमान सारखं चढत असेल, तर सेन्सर कधीच पोचत नाही. तो त्याच वेगानं मागून चढत राहतो आणि ठरावीक अंतरानं मागेच राहतो. त्याला रॅम्प म्हणतात. किती मागे राहील याचं सूत्र एका ओळीचं आहे. चढण्याचा वेग गुणिले सेन्सरचा टाइम कॉन्स्टंट, म्हणजे त्याच्या मंदपणाचं माप. परीक्षेत हा प्रश्न आला होता आणि मला पैकीच्या पैकी मार्क मिळाले होते. तेच ज्ञान आता माझ्यासमोर उभा असलेला माणूस कन्नड मिसळलेल्या मराठीत सांगत होता, आणि ते मला ओळखू आलं नाही.

मी म्हणाले, "खोटं लिहायचं आणि वर आम्हालाच शिकवायचं? खोटारडेपणाची हद्द झाली."

हे मी मराठीत म्हणाले. तिथे आम्हा दोघांशिवाय कुणालाच मराठी येत नव्हती. पातेलं उचलून कँटीनमध्ये नेऊन ठेवलं अण्णांनी, कुणी सांगितलं नव्हतं तरी.

दुसऱ्या दिवशी त्यांच्याकडून लेखी कबुली घ्यायची ठरली. ग्राहकाला पाठवायच्या अहवालाला ती जोडायची होती. मजकूर मी इंग्रजीत लिहिला. त्यात लिहिलं होतं की ऑपरेटरनं मुद्दाम खोट्या नोंदी केल्या आणि त्यामुळे माल खराब झाला. अण्णांना इंग्रजी येत नव्हती. केबिनमध्ये साहेब फोनवर होते. अण्णांनी कागद हातात घेतला, उलटसुलट पाहिला आणि मला विचारलं, "काय लिहिलंय अक्का?"

मी म्हणाले, "काही नाही. आकडे लिहिताना चूक झाली, एवढंच."

"एवढंच ना?"

"एवढंच."

त्यांनी सही केली. कन्नडमध्ये, गोल गोल अक्षरांत, सावकाश. त्यांनी मला विचारलं, साहेबांना नाही, कारण मी मराठी होते. आजवर मी पुष्कळ चुका केल्या, त्यातल्या बऱ्याच अज्ञानातून झाल्या आणि त्या मी स्वतःला माफ करू शकते. ही तशी नव्हती. कागदावर काय आहे ते मला माहीत होतं. खरं सांगितलं तर ते सही करणार नाहीत आणि सगळं लांबेल, म्हणून मी खोटं बोलले. त्या केबिनमध्ये जर कुणी मुद्दाम खोटी नोंद केली असेल तर ती मी केली.

त्यांना पॅकिंगमध्ये टाकलं. ओव्हनवर दुसऱ्या माणसाला बसवलं आणि ताकीद दिली की मीटर सांगेल तेच खरं. काचेचा थर्मामीटर माझ्या ड्रॉवरमध्ये गेला.

पुढच्या तीन आठवड्यांत फोड दुप्पट झाले.

आधी मी अण्णांच्या जागी आलेल्या ऑपरेटरला दोष दिला. मग व्हार्निशला. व्हार्निशचा डबा बदलून पाहिला, ओव्हनचा पंखा साफ करून घेतला. एके दिवशी दुपारी दोन पाळ्यांच्या मधल्या वेळेत ओव्हन रिकामा होता, तेव्हा मी तो स्थिर तापमानाला ठेवला आणि माझा जाड सेन्सर थंड करून छताच्या भोकातून आत सोडला. मोबाइलवर वेळ लावली. टाइम कॉन्स्टंट मोजायची साधी रीत आहे. एकूण फरकातला साधारण त्रेसष्ट टक्के भाग पार करायला किती वेळ लागतो ते पाहायचं. पाण्यात जे अर्ध्याएक मिनिटात झालं होतं त्याला ओव्हनच्या हवेत सहा मिनिटं लागली. हवा पाण्यासारखी चटकन उष्णता देत नाही, हेही मी शिकले होते. मग ड्रॉवर उघडला आणि अण्णांचा थर्मामीटर त्याच भोकातून सोडला. त्याला एक मिनिट लागलं.

मिनिटाला दोन डिग्री, गुणिले सहा मिनिटं. बारा. काच दोन डिग्री मागे, माझा सेन्सर बारा डिग्री मागे. दोन्हींत फरक दहाचा. अण्णांचं रजिस्टर कपाटातून काढून बघायचीही गरज नव्हती. मीटर नव्वद म्हणायचं तेव्हा ओव्हन एकशे दोनला गेलेला असायचा. मीटरवर विश्वास ठेवणारा प्रत्येक जण व्हार्निश उकळवत होता. न ठेवणारा एकच होता, आणि त्याला मी खोक्यांना चिकटपट्टी लावायला पाठवलं होतं.

मी ओव्हन बंद केला. पॅकिंगचं शेड तिथून पन्नास पावलांवर होतं. मी जाऊन सांगू शकले असते. मी स्टोअरमध्ये गेले आणि बारीक सेन्सरची मागणी लिहिली, या वेळी भोवती जाळीचं संरक्षण असलेला. कारणाच्या रकान्यात लिहिलं, "अधिक चांगला प्रतिसाद."

नवा सेन्सर बसला. फोड थांबले. महिन्याच्या बैठकीत साहेबांनी सगळ्यांसमोर माझं नाव घेतलं आणि टाळ्या वाजल्या. अण्णाही होते तिथे, पॅकिंगच्या लोकांबरोबर. तेही टाळ्या वाजवत होते. मी मान खाली घालून हसले. लोकांना तो विनय वाटला असणार.

पाच महिने मी गप्प राहिले. रोज सकाळी व्हॅनमधून उतरले की पॅकिंगच्या दारावरून जावं लागायचं. अण्णा म्हणायचे, "या अक्का," आणि मी हात वर करून पुढे जायचे. डबा पुढे करणं त्यांनी बंद केलं होतं, किंवा मीच कँटीनच्या दुसऱ्या टोकाला बसायला लागले होते. नक्की काय आधी झालं ते आठवत नाही. खोकी उचलून त्यांची कंबर धरली होती. मधूनच ते भिंतीला टेकून उभे राहायचे. आज सांगू, उद्या सांगू असं मी ठरवायचे. मग वाटायचं, आता इतके दिवस गेले, आता सांगितलं तर आधी का नाही सांगितलं असं विचारतील. असे आणखी दिवस जायचे.

त्याच ग्राहकानं नंतर अट घातली की कामगारांना मोजमापाचं प्रशिक्षण द्यावं. ते मी द्यायचं ठरलं. कँटीनमध्ये बाकं लावली, सगळ्या विभागांतले पंचवीसेक लोक बसले. मी गरम पाणी, दोन थर्मामीटर आणि एक शेगडी ठेवली होती. हिंदीतून सांगत होते, एक सुपरवायझर कन्नडमध्ये सांगायचा. आधी थर्मामीटर अचानक गरम पाण्यात बुडवून दाखवला. मग क्षणभरच बुडवून लगेच बाहेर काढला. आकडा किंचित उडी मारून हळूहळू खाली येतो, पाण्याच्या खऱ्या तापमानाच्या आसपासही जात नाही. शेवटी पातेलं शेगडीवर ठेवून पाणी तापत ठेवलं आणि फळ्यावर दोन तिरप्या रेघा काढल्या. वरची खऱ्या तापमानाची, खालची मीटरची. दोन्ही सारख्याच चढणाऱ्या, मधलं अंतर कायम.

तयारी करताना हे चित्र काढायचं की नाही याचा मी विचार केला होता. वगळलं असतं तर चाललं असतं. पण ते धड्यात होतं, आणि अण्णा मागच्या बाकावर असतील, त्यांचं लक्ष नसेल, असं मी मनाला सांगितलं.

ते उभे राहिले. फळ्याकडे पाहत होते. मग सगळ्यांसमोर, पण मराठीत, त्यांनी विचारलं, "अक्का, हे तुम्हाला कधी कळलं?"

सुपरवायझरनं माझ्याकडे पाहिलं, काय म्हणतोय म्हणून. मी म्हणाले, "मागच्या आठवड्यात. हे सगळं तयार करताना."

"सरी," ठीक आहे, असं ते म्हणाले आणि खाली बसले.

पुन्हा खोटं. त्याच माणसाशी, त्याच भाषेत. पुढचा अर्धा तास मी काय शिकवलं ते मला आठवत नाही. शेगडीवरचं पाणी उकळून निम्मं झालं तेव्हा कुणीतरी येऊन ती बंद केली.

दोन दिवसांनी मी पॅकिंगमध्ये गेले. अण्णा कॉइलच्या मध्ये थर्माकोलचे तुकडे सारत होते. मी म्हणाले, "अण्णा, मला मागच्या आठवड्यात नाही कळलं. पाच महिन्यांपूर्वी कळलं. तुमचे आकडे बरोबर होते."

त्यांचे हात थांबले नाहीत. "हां," ते म्हणाले.

"आणि तो कागद. त्यात चूक झाली असं नव्हतं लिहिलेलं. त्यात..."

"मुद्दाम खोटं लिहिलं, असं होतं," ते म्हणाले. "माहीत आहे. एक प्रत मला दिली होती ना ऑफिसनं. मुलगी डिप्लोमा करती. संध्याकाळी तिनं वाचून दाखवलं."

म्हणजे सही केली त्याच संध्याकाळी. आणि दुसऱ्या सकाळपासून रोज ते मला "या अक्का" म्हणत होते.

"मग तुम्ही काही बोलला का नाहीत?"

आता त्यांनी खोकं बाजूला ठेवलं. रागावलेले दिसत नव्हते, थकलेले दिसत होते. "मुलगी म्हणाली, युनियन नाही, काही नाही, निदान त्या बाईला जाऊन विचार. मी म्हटलं, आपली पोर आहे. लहान आहे. घाबरली असेल. सांगेल." त्यांनी चिकटपट्टीचं टोक शोधलं. "मुलीला काय सांगू मी आता? तिला वाटतं बापानं खरंच काहीतरी केलं असेल."

मला रडू आलं आणि त्याचीही लाज वाटली, कारण रडून मी त्यांच्यावर आणखी एक काम टाकत होते. त्यांनी मला पाण्याची बाटली दिली.

मी तशीच साहेबांकडे गेले आणि सगळं सांगितलं. सहा मिनिटं, बारा डिग्री, कागद, सगळं. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि विचारलं, "हे आत्ता का सांगतेस?" मग म्हणाले, तक्रार बंद झालेली आहे. अहवालात ऑपरेटरची चूक लिहिली आहे, त्याची सही जोडली आहे. आता बदलायचं म्हणजे ग्राहक पुन्हा तपासणीला येणार. त्याला परत ओव्हनवर घेऊ, सोमवारपासून. कागदाचं राहू दे.

मी राहू दिलं. ग्राहकाच्या इंजिनिअरचा ईमेल माझ्याकडे होता. दोन ओळी लिहिल्या असत्या तर तो कागद खोटा ठरला असता, आणि त्याबरोबर मीही. मसुदा तयार केला, चार दिवस तसाच ठेवला, मग पुसून टाकला. एक पत्र मात्र मी लिहिलं, अण्णांच्या मुलीसाठी. तुमच्या वडिलांनी कधीही खोटी नोंद केली नाही, चूक माझी होती. ते इंग्रजीत लिहून, खाली सही करून, मी अण्णांच्या हातात दिलं आणि या वेळी शब्द न् शब्द मराठीत वाचून दाखवलं. त्यांनी घडी करून खिशात ठेवलं. तिनं ते वाचलं का, वाचून काय म्हणाली, हे त्यांनी सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही.

सोमवारी ते ओव्हनवर परतले. काम पूर्वीसारखंच चोख. पण त्या दिवसापासून ते माझ्याशी कन्नडमध्ये बोलायला लागले. "मॅडम, नव्वद आयतु," नव्वद झालं. तेवढंच, कामापुरतं. एकदा मी मराठीत विचारलं, मुलीची परीक्षा कशी झाली. त्यांनी कन्नडमध्ये उत्तर दिलं, नम्रपणे. मला ते पुरतं समजलं नाही, आणि पुन्हा विचारायचं धाडस झालं नाही.

वर्षभरानं मी ती नोकरी सोडली. हल्ली मी मारतहळ्ळीजवळच्याच एका कंपनीत असते, मोजमापाच्या उपकरणांचं सॉफ्टवेअर करते. तिथल्या मुलाखतीत मला विचारलं होतं, तुम्ही प्रत्यक्ष कामात शोधून काढलेला एखादा दोष सांगा. मी जाड सेन्सरची गोष्ट सांगितली. पाण्यातली चाचणी का फसवते, चढत्या तापमानात मीटर मागे का राहतं, दहा डिग्री कुठून आल्या. समोरचे तिघंही पुढे झुकून ऐकत होते. त्यातल्या एकानं विचारलं, "पण तुम्हाला संशय कसा आला?"

"रजिस्टर आणि रेकॉर्डरचे आकडे जुळत नव्हते," मी म्हणाले.

"छान निरीक्षण," ते म्हणाले, आणि मी थँक यू म्हटलं.